टांगा कोणी हाकला?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या वस्त्यांमधून सहलींचे बेत सुरू होतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, अजिंठा, वेरूळ ही आपली ठरलेली ठिकाणे आणि ती योग्यच आहेत. परंतु बिलोली तालुक्यातील काही युवकांनी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींना हैदराबादची रामोजी फिल्म सिटी दाखवण्याचे ठरवले, तेव्हा काही जाणत्या मंडळींनी नाक मुरडले. सिनेमाचा कारखाना पाहून पोरांच्या हाती काय लागणार? त्याच पैशात स्पर्धा परीक्षेची पुस्तके येतील, असा त्यांचा सूर होता. आक्षेप प्रामाणिक होता. मोलमजुरी करणाऱ्या आईबापांनी साठवलेला पैसा चैनीवर उडू नये, ही काळजी कोणीही करावी. आम्ही स्वतः या सहलीत मुलांसोबत गेलो आणि आल्यावर आमचे मत पक्के झाले की, अशी सहल जरूर काढावी. मात्र सोबत प्रश्न विचारणारा कोणीतरी असावा. प्रश्न नसतील तर ती जत्रा ठरते. प्रश्न असतील तर ती चिकित्सेची शाळा होते.

आमचा बिलोली तालुका सीमेवरचा. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलुख हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली भाषेप्रमाणे राज्ये झाली आणि रेषा आखली गेली, पण माणसांचे येणेजाणे थांबले नाही. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, मजुरीसाठी आमची माणसे आजही बोधन, निजामाबाद, हैदराबाद गाठतात. आमच्याकडच्या पोरांना मराठी नटांपेक्षा तेलुगू नटांची नावे अधिक पाठ असतात. डब केलेले तेलुगू सिनेमे घराघरात चालतात. म्हणजे ज्या पडद्यावर आमची मुले रोज तासन्‌तास डोळे लावून बसतात, त्या पडद्याचा कारखाना आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तो आतून पाहायचा नाही, तर मग काय पाहायचे?

रात्री निघालेली गाडी बोधन, निजामाबादमार्गे सकाळी हैदराबाद ओलांडून विजयवाड्याच्या रस्त्याला लागली. 'ईनाडू' वृत्तपत्राचे संस्थापक रामोजी राव यांनी १९९६ साली ही फिल्म सिटी सुरू केली. ते ८ जून २०२४ रोजी वारले. सोळाशे एकरांहून अधिक जागेवर पसरलेल्या या संकुलाची जगातील सर्वात मोठे चित्रपट संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. निर्मात्याने हातात पटकथा घेऊन आत यावे आणि तयार सिनेमा घेऊन बाहेर पडावे, अशी इथली जाहिरात. मराठी माणसाचाही या जागेशी संबंध आहे. २००० साली सुरू झालेल्या ई-टीव्ही मराठी वाहिनीचा कारभार इथूनच चालत असे. आपल्या गावाकडच्या बातम्या आपण कित्येक वर्षे हैदराबादजवळच्या या माळावरून ऐकत होतो, हे मुलांना सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना. २०१५ साली ती वाहिनी कलर्स मराठी झाली.

तिकीट काढून आत गेले की बसमधून फिरवतात. सोबत गाईड असतो. तो हिंदी, तेलुगू, मध्येच इंग्रजी अशा मिश्र बोलीत सांगत जातो. हे रेल्वे स्टेशन, हे विमानतळ, हे जेल, ही परदेशातली गल्ली. एकाच इमारतीला चार बाजूंनी चार तोंडे. पुढून दवाखाना, तर मागून आणखी काही. पाटी बदलली की गाव बदलते. आमच्यातल्या एका मुलाने दगडी खांबावर बोटाने टकटक केली, तर आतून पोकळ आवाज आला. फायबर आणि प्लास्टर ऑफ पॅरिस! 'बाहुबली'च्या माहिष्मतीचा सेट पाहताना तर मुले हरखून गेली. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या त्या दोन सिनेमांचे साम्राज्य कलादिग्दर्शक साबू सिरिल यांनी शेकडो कारागिरांच्या हातांनी उभे केले होते. पडद्यावर हजारो वर्षांचे वाटणारे ते वैभव सुताराच्या रंध्याने आणि रंगाऱ्याच्या कुंचल्याने घडलेले.

पुढे देऊळ लागले. आमच्या सोबतच्या एका मावशींनी सवयीने हात जोडले. गाईड हसून म्हणाला, "अम्मा, इथे देव कायमचा नाही. ज्या सिनेमाला जो देव लागतो, तो त्या दिवसापुरता बसवतात." मावशीही हसल्या. आम्हाला यात कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही. पण भव्यता पाहिली की मान आपोआप झुकते, ही सवय माणसाला कशी लावली जाते, ते त्या पोकळ खांबांमध्ये उभे राहून मुलांना जितके समजले तितके आमच्या दहा भाषणांनी समजले नसते.

त्यानंतर तो खेळ आला, ज्याच्यामुळे आम्ही हा लेख लिहायला बसलो. सिनेमा कसा तयार होतो हे दाखवणारा कार्यक्रम तिथे चालतो. प्रेक्षकांतून काही जणांना मंचावर बोलावतात आणि 'शोले'मधला बसंतीच्या टांग्याचा प्रसंग करून दाखवतात. आमच्या गटातली अकरावीतली एक मुलगी निवडली गेली. टांगा जागच्या जागी उभा. घोडा नाही, रस्ता नाही, डाकू नाहीत. टांगा हलवतात, मुलीने हातात लगाम धरून ओरडायचे. तेवढेच चित्रित होते. मग टापांचा, चाकांचा, चाबकाचा आवाज वेगळा तयार करून त्यात भरतात. मागे धावणारी झाडे वेगळी जोडतात. आणि शेवटी मोठ्या पडद्यावर दिसते काय, तर आमच्या बिलोलीची पोर डाकूंना चकवत भरधाव टांगा हाकते आहे! टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्यावर आम्ही बाहेर झाडाखाली मुलांना बसवले आणि विचारले, टांगा कोणी हाकला? सगळे म्हणाले, आपल्या ताईने. ताई म्हणाली, मी कुठे हाकला, तो तर जागेवरच होता. मग खऱ्या 'शोले'त कोणी हाकला? एकजात उत्तर आले, हेमामालिनीने.

इथे आम्ही मुलांना रेश्मा पठाण हे नाव सांगितले. 'शोले' १९७५ चा. त्यातील टांग्याची धोक्याची दृश्ये हेमामालिनीची डुप्लिकेट म्हणून रेश्मा पठाण यांनी केली. घर चालवण्यासाठी लहान वयात या धंद्यात उतरलेली मुंबईची ही गरीब घरची मुसलमान मुलगी. हिंदी सिनेमातील पहिल्या स्टंटबाईंपैकी त्या एक. टांगा उलटण्याच्या दृश्यात त्या जखमी झाल्या, तरी कामावर परतल्या. पडद्यावर त्यांचा चेहरा दिसता कामा नये, हेच त्यांचे काम होते. चेहरा दिसला तर शॉट वाया! या बाईंवर स्वतंत्र चित्रपट निघायला २०१९ साल उजाडले. म्हणजे टांगा उधळला १९७५ ला आणि तो कोणी हाकला हे सर्वसामान्य प्रेक्षकाला कळले चव्वेचाळीस वर्षांनी.

हा केवळ एका सिनेमाचा किस्सा नाही. कष्ट एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा ही या देशाची जुनी रीत आहे. विहीर खणणारा वेगळा, पाणी पिणारा वेगळा. देवळाचा दगड वाहणारा वेगळा आणि गाभाऱ्यात जाणारा वेगळा. सिनेमाने ही रीत शोधून काढली नाही, ती समाजातून उचलली आणि यंत्राच्या मदतीने अधिक बेमालूम केली.

मग मुलांपुढे दुसरा प्रश्न ठेवला. 'शोले'तले रामगड आठवा. ते गाव बंगळुरूजवळच्या रामनगरच्या खडकांत उभे केले होते. उभे करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर, म्हणजे आपले मराठी माणूस. त्या गावात काय काय आहे? मुलांनी भराभर सांगितले. ठाकूरची हवेली आहे, देऊळ आहे, मशीद आहे, पाण्याची टाकी आहे. बरे, मेलेले जनावर ओढणारे कुठे राहतात? गाव झाडणारे कुठे राहतात? आपली वस्ती कुठे आहे? मुले गप्प झाली. भारतातल्या ज्या गावाची गोष्ट अर्ध्या देशाला तोंडपाठ आहे, त्या गावाला गावकुसाबाहेरची वस्तीच नाही! सेट बांधताना प्रत्येक दार, प्रत्येक खिडकी कोणीतरी विचार करून ठेवत असतो. म्हणून सेटवर जे नाही, ते कोणाच्या तरी डोक्यातच आले नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीला डोके कोणाचे हे ठरलेले होते, पण राबणारे हात नेहमीच अनेकांचे होते. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. फाळके जनक ठरले, ते योग्यच. परंतु फिल्मला रात्री जागून छिद्रे पाडणाऱ्या, ती धुणाऱ्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही रांधणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई किती जणांना माहीत आहेत? त्या सिनेमातली तारामती तर अण्णा साळुंके या उपाहारगृहातल्या आचाऱ्याने केली होती, कारण पडद्यावर यायला बाई मिळत नव्हती. तिकडे केरळात १९३० च्या सुमारास 'विगतकुमारन' या मूकपटात पी. के. रोझी या दलित समाजातील तरुणीने नायर स्त्रीची भूमिका केली. दलित बाईने पडद्यावर सवर्ण स्त्री व्हावे हे उच्चवर्णीय प्रेक्षकांना सहन झाले नाही. पडद्यावर दगड पडले आणि रोझीला आपला मुलुख सोडून तमिळनाडूत पळ काढावा लागला. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका उरलेले आयुष्य पडद्यापासून दूर जगली. रेश्माचा चेहरा झाकला गेला, रोझीचा तर हाकलून लावला.

चित्र बदलते कधी? डोके आपले असते तेव्हा. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे कॅमेऱ्यामागे उभे राहिले आणि २०१४ साली प्रदर्शित झालेल्या 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर घेऊन चाललेल्या कुटुंबाच्या मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब दिसले, सावित्रीबाई दिसल्या. ती भिंत तिथे आपोआप आलेली नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ज्याच्या हाती, त्याने ती दाखवली. २०१८ च्या 'काला'साठी पा. रंजित यांनी चेन्नईत धारावीचा सेट उभारला. आजवर सिनेमात झोपडपट्टी यायची ती गुंडांचा अड्डा म्हणून. इथे ती आपल्या हक्काच्या जागेसाठी भांडणाऱ्या माणसांची वस्ती म्हणून आली. सेटचे सामान तेच, प्लायवूड आणि पत्रा. नजर बदलली.

आम्ही पेशाने वकील, त्यामुळे सेट पाहताना आमचे लक्ष वारंवार शिडीवर चढलेल्या माणसांकडे जात होते. लाईटमन, सुतार, मोल्डिंग करणारे, स्पॉटबॉय, ज्युनियर आर्टिस्ट ही सगळी रोजंदारीची माणसे. सिनेमाचे हे काम धोक्याचे आहे. १९ फेब्रुवारी २०२० रोजी चेन्नईजवळ 'इंडियन २' या सिनेमाच्या सेटवर क्रेन कोसळून तीन जण ठार झाले. सिनेमा कामगारांसाठी १९८१ साली कायदा झाला. कामगाराशी लेखी करार केल्याशिवाय त्याला कामावर घेता येणार नाही, हे त्याचे मर्म. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि हा विषय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० मध्ये गेला. तिथे या कामगाराला दृक्-श्राव्य कामगार म्हटले आहे आणि लेखी कराराची अट कायम आहे. हे आम्ही एवढ्यासाठी सांगतो की, आपल्या सीमाभागातली पोरे मुकादमामार्फत कुठल्याही बांधकामावर, कुठल्याही मांडवावर जातात आणि कागद मागत नाहीत. अपघात झाला की भरपाईच्या दाव्यात पहिला वाद हाच निघतो, हा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता! म्हणून करार मागा. तो मिळाला नाही तर मुकादमाचे मेसेज, पैसे आल्याची नोंद, आत जाण्याचा पास जपून ठेवा. पडद्यावर नाव येईल न येईल, कागदावर आलेच पाहिजे.

जेलचा सेट पाहून मुलांनी कोर्टाबद्दल खूप विचारले. सिनेमाने कोर्टाविषयी जेवढे अज्ञान पसरवले तेवढे क्वचितच कशाविषयी पसरले असेल. बिलोलीच्या सत्र न्यायालयात अॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीला उभी राहणारी आपली माय-माउली सिनेमातले कोर्ट डोक्यात घेऊन येते. वकील अंगावर ओरडेल, जज हातोडा आपटेल, धर्मग्रंथावर हात ठेवावा लागेल, या धास्तीने तिचा घसा आधीच कोरडा पडलेला असतो. प्रत्यक्षात आपल्या न्यायाधीशांकडे हातोडा नसतो. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे कोणत्याही ग्रंथावर हात ठेवावा लागत नाही आणि ज्याला ईश्वराची शपथ घ्यायची नाही, त्याने गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा केली तरी चालते. कोर्टाचे ते रूप सेटवरचे आहे, हे कळले तरी साक्षीदाराची निम्मी भीती जाते. निम्मी भीती गेली तर साक्ष टिकते, आणि साक्ष टिकली तरच न्यायाची आशा.

याहून गंभीर गोष्ट मोबाईलवरच्या क्लिपची. जागेवर उभा असलेला टांगा पाच मिनिटांत धावताना दाखवता येतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले. मग गावात तेढ निर्माण करणारी अर्ध्या मिनिटाची क्लिप कोणीही कापू शकतो, जोडू शकतो, दुसऱ्या गावचा आवाज भरू शकतो, हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. आता तर सेटचीही गरज उरलेली नाही. संगणक अख्खा माणूस आणि त्याचा आवाज बनवून देतो. कायदाही पाहिलेल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. आपल्याच मराठवाड्यातल्या, जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की, मूळ उपकरण कोर्टापुढे आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. ती तरतूद तेव्हा पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. कोर्ट जर विचारते की, हे कोणी काढले, कशावर काढले, त्यात फेरफार तर नाही ना, तर क्लिप पुढे ढकलण्याआधी आपल्या तरुणाने एवढे विचारू नये? आणि आपल्यावरच्या अत्याचाराचे खरे चित्रण हाती आले, तर ते ज्या मोबाईलवर काढले तो मोबाईल तसाच जपून ठेवावा. फिरवत बसले की आपलाच पुरावा कमजोर होतो.

म्हणून सहली काढणाऱ्या आपल्या मंडळांना आमचे सांगणे आहे. फिल्म सिटीला जा. ते शक्य नसेल तर कोल्हापूरची चित्रनगरी पाहा. पुण्यात जिथे १९३६ सालचा 'संत तुकाराम' घडला, त्या प्रभातच्या जागेवर आज केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे, ती मुलांना ठाऊक करून द्या. तिथे संकलन, ध्वनी, छायालेखन, कलादिग्दर्शन शिकवतात आणि आपल्यासाठी राखीव जागा आहेत. आपल्या वस्तीत गवंडी आहेत, सुतार आहेत, रंगारी आहेत, हलगी वाजवणारे आणि शाहिरी जलशात वाढलेले गळे आहेत. सिनेमाला लागणारे एकही कौशल्य आपल्याला परके नाही. हात तेच राहतील, त्या हातांना आता नाव आणि निर्णय मिळाला पाहिजे. पोलीस भरती आणि तलाठी भरतीच्या रांगेत उभ्या असलेल्या शंभर पोरांपैकी दोघांनी हा रस्ता धरला, तरी पुढच्या रामगडाला वस्ती मिळेल.

आणि मुलांना नेताना प्रत्येकाच्या हातात वही द्या. फोटो कितीही काढोत, पण चार प्रश्नांची उत्तरे लिहूनच त्यांनी बसमध्ये बसावे. हे कोणी बांधले? त्याचे नाव कुठे लिहिले आहे? या गावात आपण कुठे राहतो? आणि टांगा कोणी हाकला?